टाकीतलं पांढरं पाणी

मंगळवारी दुपारी रचनाचा संगणक तिसऱ्यांदा आपला आपण बंद पडला, तेव्हा तिने टेबलावर डोकं टेकवलं आणि त्याला एक कचकचीत शिवी दिली. शिवी सासरी शिकलेली होती. पडदा काळा व्हायच्या आधी प्रोसेसरच्या तापमानाचा आकडा तिने डोळ्यांनी पाहिला होता. नव्याण्णव. एवढ्या तापमानाला पाणी उकळायला येतं. पंधरा दिवसांपूर्वी हेच यंत्र याच कामाला सत्तरच्या वर जात नव्हतं.

आणि शुक्रवार तीन दिवसांवर होता.

रचनाचं काम सांगायला सोपं आणि सासूला पटवायला अवघड होतं. बेंगळूरच्या एका कंपनीसाठी ती साड्या नेसवायची, पण खऱ्या नव्हेत. विणकराने अजून धाग्यालाही हात लावलेला नाही अशा साडीची नक्षी घ्यायची आणि ती नेसल्यावर पदर कसा पडेल, निऱ्या कशा बसतील, जरीवर उजेड कसा चमकेल, हे चित्रात असं उभं करायचं की बघणाऱ्याला वाटावं, बाई समोर उभी आहे. बेळगावातल्या वडगावच्या ज्या गल्लीत चार पिढ्यांचे डोळे साड्या विणून गेले, तिथे बसून ही पोरगी न विणलेल्या साड्या खपवते, याची मालुबाईला चीड होती. मालुबाई म्हणजे तिची सासू. खरं बोलायचं तर ती चीड अगदीच बिनबुडाची नव्हती.

कंपनीने तीन महिने तिला जोखून पाहिलं होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत चाळीस साड्यांचा संच गेला तर नोकरी कायम, नाही गेला तर राम राम. घरातलाही करार तसाच होता, आणि तो मालुबाईने चारचौघांत सांगितला होता. "दिवाळीपतूर बगूया. कायम झालीस तर बस तुज्या खोलीत, कोण तुला उटवत न्हाय. न्हायतर तितं माग परत बसवायचा आनि तू गुमान कांड्या भरायच्या."

कांड्या भरणं म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर दिवसभर सूत गुंडाळत बसणं. बीएस्सी झालेल्या रचनाने लग्नानंतरचं पहिलं वर्षभर तेच केलं होतं. काम वाईट नव्हे, पण त्या वर्षात तिला कोणी काही विचारलं नाही, आणि तिने कोणाला काही सांगितलं नाही. त्या जागेवर परत बसायचं नाही, एवढं एकच तिने मनाशी घट्ट धरलं होतं.

तिच्या बाजूने उभा राहिला तो सासरा. जोतिरामांना सगळं वडगाव मास्तर म्हणे. शाळेचे मास्तर नव्हेत, मागाचे. चाळीस वर्षं जॉबरकी, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करत फिरण्यात गेली. दोन गल्ल्या पलीकडचा माग अडखळला तरी घरात जेवताना हात थांबवून म्हणायचे, "मष्णूच्या मागाचा पट्टा ढिला झालाय." पाच मिनिटांत मष्णू दारात हजर. अशा माणसाने सुनेसाठी आपल्या चार मागांतला एक उचलला, तिथे प्लायवूडची भिंत घातली, आणि मालुबाई तोंड वाकडं करू लागली तेव्हा म्हणाले, "पोरगी शिकल्या. तिलाबी तिचा माग पायजे की." रचनाचा नवरा मंथन गोव्यात कारखान्यात होता, पंधरा दिवसांनी एकदा यायचा, आल्यावर झोपायचा. तेव्हा या घरात रचनाचं माणूस म्हणून कोण, तर मामा. सासऱ्याला ती मामा म्हणायची, आणि मनापासून म्हणायची.

संगणक पाण्यावरचा केला त्यालाही मागच कारण. तीन माग चालू असले की सुताची बारीक धूळ अशी उडते की ताटातली आमटी झाकून ठेवावी लागते. पंख्याने थंड होणारा संगणक तिथे आठवड्यात गुदमरायचा. मग शहापुरात दुरुस्तीचं दुकान चालवणारा तिचा भाऊ साईराज आणि ती, दोघांनी बसून हे यंत्र एकेक भाग जोडून केलं. प्रोसेसरवर तांब्याचा ठोकळा, त्यातून पाणी फिरतं, ताप उचलतं, नळीतून भिंतीपलीकडे बोळात जातं, तिथल्या रेडिएटरमध्ये थंड होतं आणि मधली टाकी आणि पंप यांतून परत येतं. मोटारीत असतं तेच, फक्त लहान. टाकीत बॅटरीचं शुद्ध पाणी. सहा महिने कुरकूर नाही.

कुरकूर सुरू झाली ती खंडेनवमीनंतर.

मंगळवारी तिने आधी बोळातला रेडिएटर धुतला. दातांच्या जुन्या ब्रशाने एकेक पातं घासलं, वाटीभर राखाडी लोळा निघाला. तिला वाटलं, सुटलो. आकडा ढिम्म हलला नाही. मग तिने तांब्याचा ठोकळा उचलून खालची वाळलेली पेस्ट पुसली, नवी लावली, चारी स्क्रू सारखे आवळले. तोही उपाय वाया गेला. संध्याकाळी साईराजला फोन लावला.

"दोनी नळ्यांस्नी हात लावून बग," तो म्हणाला. "ठोकळ्यात जाणारी आनि येणारी."

"एक गार हाय. एक चटका बसतोय."

"मग पाणी फिरंनाच झालंय गं. फिरलं असतं तर दोनी जवळजवळ सारक्याच लागल्या असत्या. कायतरी अडकलंय. टाकीत बॅटरी मारून बग पाणी कसं हाय."

तिने टॉर्च लावला. पाणी पांढरं होतं. थोडं गढूळ वगैरे नव्हे, चक्क पांढरं, ताकाच्या निवळीसारखं. झाकण नीट बसलेलं नव्हतं आणि झाकणाच्या कडेला कुंकवाचं बोट उमटलं होतं.

"पांढरं?" साईराज हसला. "दूध ओतलंय काय कुणी?"

त्याने गंमत केली होती. रचनाच्या डोक्यात मात्र काडी पेटली. खंडेनवमीला माग धुऊन, पुसून, तेलपाणी करून पुजले जातात. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, यंत्राला विसावा. मालुबाई पंचामृताची वाटी घेऊन फिरत होती. रचनाच्या दाराशी येऊन म्हणाली होती, "हेच्यावरबी शिंपडू काय गं?" आणि रचना म्हणाली होती, "बाहेरनंच करा आत्ती, आत ओल जायला नको." मग हार घालायची फुलं आणायला रचना बाजारात गेली होती, तासभर. तासभरात काय होत नाही?

तिने रात्रभर ते घोळवलं. बुधवारी सकाळी जेव्हा ती बोलली तेव्हा ती विचारत नव्हती, निकाल सांगत होती.

मालुबाई मागाजवळ तुटलेला धागा सांधत होती. जोतिराम पलीकडच्या मागाखाली पाना घेऊन बसले होते. रचनाने टाकीतलं पाणी स्टीलच्या ग्लासात काढून सासूसमोर धरलं.

"हे काय हाय, आत्ती?"

"काय हाय?"

"पंचामृत. खंडेनवमीला माज्या यंत्रात तुमी ओतलंसा."

मालुबाईने ग्लासात पाहिलं, मग तिच्याकडे. "येडी का खुळी तू? मी कशाला ओतू? वरनं चार थेंब शिंपडलो तेवडंच. तूच सांगिटलीस न्हवं आत नको म्हनून."

"झाकण उघडं हुतं. कुंकू लागलंय त्येला. घरात दुसरं कोण हाय पूजा करणारं?"

"मी न्हाय ओतलो म्हंते न्हवं!"

"तुमाला पैल्यापासनं बगवत न्हाय," रचना म्हणाली, आणि एकदा तोंड सुटल्यावर ते तिचं राहिलं नाही. "मी कांड्या भरत बसलो आसतो तर तुमाला ग्वाड लागलं आसतं. दोन दिस राह्यलेत. दोन! तुमाला काय कळतंय त्यातलं? चार बुकं शिकला आसता तर कळलं आसतं पाणी कुटं घालावं आनि दूध कुटं."

माग थांबलेला होता, त्यामुळे हे सगळं शेजारच्या नागुबाईच्या ओसरीपर्यंत स्पष्ट गेलं. मालुबाईचा चेहरा लाल झाला. ती काही तरी सणसणीत बोलणार होती; तिची जीभ गल्लीत प्रसिद्ध होती. पण बोलायच्या आधी तिने नवऱ्याकडे पाहिलं. जोतिराम मागाखाली मान घालून एकच नट फिरवत होते. घट्ट झालेला नट, तरी फिरवत होते. मालुबाई त्यांच्याकडे पाहतच राहिली. मग तिने हातातला धागा सोडला.

"व्हय," ती म्हणाली. "मीच घातलो. झालं?"

"मामा, ऐकलासा?" रचना म्हणाली.

मामांनी पाना पुन्हा त्याच नटावर चढवला. रचनाला वाटलं, बायकोच्या लाजेने त्यांची मान खाली गेली आहे, आणि त्यांचा तिला आणखी कळवळा आला. त्या कळवळ्याच्या भरात ती म्हणाली, "आजपासनं ह्या खोलीत तुमचा पाय पडायचा न्हाय, आत्ती. सांगून ठेवते."

ज्या जागेवर आता तिचं टेबल होतं तिथेच मालुबाईने बावीस वर्षं माग चालवला होता. मंथनच्या वेळी पोटात कळा येऊ लागल्या तेव्हाही ती तिथेच होती, पदर पुरा करून मगच उठली होती. हे रचनाला ठाऊक होतं. ठाऊक असून ती बोलली.

मालुबाईने पदर खोचला आणि आत गेली. गुरुवारी सकाळी ती थोरल्या लेकीकडे, आरोहीकडे, निपाणीला निघाली. पिशवीत दोन लुगडी, डब्यात चटणी. जोतिरामांनी स्कूटरवरून तिला स्टँडवर सोडलं. जाताना ती सुनेला "येतो" म्हणाली नाही. मंथनचा गोव्याहून फोन आला, "आईला काय बोललीस?" रचना म्हणाली, "त्यांनी काय केलं ते आधी इचार." त्याने विचारलं नाही. ड्युटीची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

दरम्यान बुधवारी दुपारीच साईराज येऊन पाणी बदलून गेला होता. जुनं सगळं काढलं, चार वेळा शुद्ध पाणी फिरवलं, नवीन भरलं. आकडा पंच्याऐंशीवर आला आणि रचनाने देवाला हात जोडले. रात्री परत शहाण्णव. गुरुवारी सकाळी टाकीतलं नवं पाणीही पांढुरकं दिसू लागलं होतं. म्हणजे जे काही होतं ते आत कुठेतरी चिकटून बसलं होतं. सासू घरातून गेली, पण ते गेलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी तिने तांब्याचा ठोकळाच उघडला. आत केसांसारख्या बारीक पन्हळी असतात, त्यांतून पाणी जायचं असतं. त्या सगळ्या पन्हळींत लोण्यासारखा पिवळट चिकटा गच्च बसला होता. कडेची रबरी रिंग फुगून जागेवरून बाहेर आली होती. तिने चिकट्यावर पाणी ओतलं. पाणी वरून घरंगळून गेलं. तिने बोटावर घेऊन चोळलं, नाकाशी नेलं. कसलाच वास आला नाही.

मग ती ते बोट घेऊन अंगणात गेली, मोकळ्या हवेत उभी राहिली आणि पुन्हा वास घेतला. आता आला. मागाच्या तेलाचा. हा वास तिच्या साड्यांना, उशीला, मामांच्या सदऱ्याला, स्वयंपाकघरातल्या फडक्याला होता. दोन वर्षांत तो तिला येईनासा झाला होता.

 दूध असतं तर ते पाण्याने धुऊन निघालं असतं. दूध असतं तर दहा दिवसांत त्याची अशी घाण सुटली असती की नागुबाईने पदर नाकाला लावून तक्रार आणली असती. इतकं साधं होतं. विज्ञानाची पदवी घेतलेल्या बाईला ते सुचलं नाही, कारण रागाला फक्त माणूस हवं असतं, आणि माणूस तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. तेल पंपात घुसळलं की पांढरंच होतं, हे कुठल्याही मोटार मेकॅनिकने सांगितलं असतं. मागाच्या जॉबरनेही.

जोतिराम जेवून ओसरीवर बसले होते. रचनाने ठोकळा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो हातात घेतला नाही. घ्यायची गरज नव्हती.

"मामा, तेल तुमी घातलासा."

त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलाने हात पुसले. मग म्हणाले, "पंप बारीक आवाज करत हुता. किर्रर्र असा. तुला ऐकू येत न्हवतं, मला येत हुता. खंडेनवमी हुती, समद्या मागांस्नी तेल दिलो, म्हटलं हे तेवडं एकच यंत्र कोरडं का ठेवायचं? त्या दिशी तेल न मिळालेलं यंत्र वरीसभर रडतंय म्हंत्यात. पूजेचं कुंकू लागलेल्या हातानंच झाकण उगडलो आनि कुप्पीनं दिलो. जरा जास्तच दिलो. माज्या सुनंचं यंत्र म्हनून."

प्रेमाने घातलेलं तेल. रचनाला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि त्या दोन्हींतलं काहीच बाहेर पडलं नाही.

"मग काल का बोलला न्हाईसा? आत्ती नाव घेतल्या आपल्यावर. तुमी तितंच हुतासा की."

"बोलणार हुतो."

"मग?"

"चाळीस वर्सं लोक मला मास्तर म्हंत्यात, पोरी. माज्या हातनं यंत्र बिगडलं असं आजपतूर कुणी म्हटलं न्हाय." त्यांनी शेजारच्या ओसरीकडे पाहिलं. "नागू ऐकत हुती. तोंडच उगडंना. आनि मग ती म्हटली, मीच घातलो. मग तर कायच सुचंना."

म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. रचनाला त्यांची कीव आली नाही. तिला भयंकर राग आला, पण तो राग काढायला वेळ नव्हता. शुक्रवार उद्या होता. ही गोष्ट तिच्या लक्षात राहिली. सासूवर राग काढायला तिच्याकडे अख्खी सकाळ होती.

फुगलेली रिंग परत बसेना. तसली दुसरी बेळगावात कुठे मिळेना, मागवली तर चार दिवस. शेवटी साईराजने दुकानातला साधा पंख्याचा कुलर आणून बसवला. "धुळीत दोन तासबी टिकायचा न्हाय," तो म्हणाला. तेव्हा जोतिराम उठले आणि एकेक करून तिन्ही माग बंद केले. दारं-खिडक्यांना ओली धोतरं लावली, जमिनीवर पाणी मारलं, धूळ बसू दिली. गुरुवार संध्याकाळपासून शुक्रवार संध्याकाळपर्यंत त्या घरात माग वाजला नाही. मास्तरांचे माग कामाच्या दिवशी बंद, ही वडगावात बातमी होती. येणारा-जाणारा दारात डोकावून विचारी, आणि जोतिराम म्हणत, "सुनंचं यंत्र बिगडलंय." कसं बिघडलं ते नागुबाई सांगत असे.

संगणक निम्म्या वेगाने, धापा टाकत चालला. शुक्रवारी साडेपाचला चाळिसावी साडी गेली. शनिवारी कंपनीचा फोन आला. नोकरी कायम, शिवाय पुढच्या महिन्यापासून दुप्पट काम. रचनाने फोन ठेवला आणि पेढे कोणाला द्यायचे या विचाराने खुर्चीतच बसून राहिली.

रविवारी ती निपाणीची बस धरून सासूला आणायला गेली. आरोहीचं घर तंबाखूच्या वखारीमागे होतं. मालुबाई दारात शेंगा सोलत बसली होती. सुनेला बघून उठली नाही, पण शेंगांचं सूप बाजूला सारून बसायला जागा केली.

"झालं काम?"

"झालं. कायम झाली नोकरी."

"बरं झालं." हे ती खरं बोलत होती. "च्या घे."

"आत्ती, तेल मामांनी घातलं हुतं. मला कळलं."

"मला तवाच कळलं हुतं," मालुबाई म्हणाली. "घट्ट झालेला नट फिरवत बसला की त्येचं कायतरी चुकलेलं असतंय. छत्तीस वर्सं बगते त्येला."

"मग तुमी का अंगावर घेतलासा?"

"आता काय सांगू तुला? त्येच्याकडं मास्तरकीशिवाय दुसरं काय हाय? माग एक गेला, उद्या दुसरा जाईल. लोक मास्तर म्हंत्यात तेवड्यावर तो उबा हाय. वाटलं, मी काय, मला समदी कजागच म्हंत्यात, त्यात आनि एक." तिने एक शेंग फोडली, दाणे किडके निघाले, टाकून दिले. "आनि वाटलं, आता बोलंल. मी माजं नाव घेतल्यावर तरी बोलंल. तू खोलीत येऊ नको म्हटलीस तवा तर वाटलं आता नक्की उटतो. न्हाय उटला."

रचनाने तिचे पाय धरले. चुकलं म्हणाली, रडली. मालुबाईने तिला रडू दिलं, मग पाय मागे घेतले.

"तुज्यावर माजा तेवडा राग न्हाय. तू परक्याची पोर, दोन वर्सांची. पण मी अशी येणार न्हाय. गल्लीला ऐकवून घालवलीस, गल्लीला ऐकवूनच न्या. नागूसमोर नुस्तं एक वाक्य बोला, तू बोल न्हायतर तो बोलू दे. दूध न्हवतं, तेल हुतं, आनि मालूनं घातलं न्हवतं. एवडंच. त्या दिशी मिळंल ती गाडी धरून येतो."

यात अवघड काय होतं? परतीच्या बसमध्ये रचनाला काहीच अवघड वाटलं नाही. घरी येऊन तिने मामांना शब्द न् शब्द सांगितला. ते मान हलवत राहिले. "बरोबर हाय तिचं. सांगतो. सांगायलाच पायजे."  मग खाली बघत म्हणाले, "तुजं काम आता वाढणार म्हनं. जागा पुरायची न्हाय तुला. भिंतीलगतचा माग काढूनच टाकूया म्हंतो. तिकडची खिडकीबी तुला मिळंल. मंथनशी आनि बाकीच्यांशी मी बोलतो, तू कायबी काळजी करू नकोस."

हा गप्प राहण्याचा मोबदला आहे, हे रचनाला कळलं. लहान पोरालाही कळलं असतं. तरी ती "नको मामा" म्हणाली नाही. खिडकी बोळाकडे होती, तिथून उजेड चांगला येणार होता. आणि मामा उद्या गल्लीत खाली बघायला लागले तर तिच्यासाठी या घरात बोलणार कोण? मालुबाई? असला हिशोब आपल्या डोक्यात इतक्या झटकन झाला याचं तिला नवल वाटलं.

सोमवारी सकाळी नागुबाई ओसरीवर येऊन टेकली. बरोबर मष्णूची बायको होती, आणि नळावरून येणाऱ्या आणखी दोघी घागरी उतरवून थांबल्या. जोतिराम मागाला धोटा लावत होते. रचना दारात.

"काय गं रचना," नागुबाई म्हणाली, "मालूनं दूध ओतलं म्हनं तुज्या कंप्युटरात? देवाला घालायचं ते मिशनीला घालायचं म्हंजे कमालच की! आनि वर रुसून लेकीकडं जाऊन बसली व्हय?"

बायका हसल्या. जोतिरामांचा हात धोट्यावर थांबला. रचनाने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी रचनाकडे पाहिलं. ते तिची वाट बघत होते, ती त्यांची. एक वाक्य होतं. घागरीवाल्या बायकांपैकी एकीने घागर परत कमरेला घ्यायला हात घातला, म्हणजे आता बोलायला हवं होतं.

"जाऊ दे ओ, नागुआक्का," रचना म्हणाली. स्वतःचा आवाज तिला फार गोड ऐकू आला. "मोटी माणसं हाईत. चुकून झालं त्यांच्याकडनं. मी कवाच मनातनं काढून टाकलंय."

"बग गं बाई," नागुबाई मष्णूच्या बायकोला म्हणाली, "लई गुणाची सून मिळाल्या मास्तरास्नी. न्हायतर आमच्या घरात!"

मालुबाई आता येणार नाही, हे रचनाला तिथेच कळलं. हे वाक्य दिवाळीच्या आत निपाणीला पोचणार होतं आणि ते कोण पोचवणार हेही तिला माहीत होतं. तिला स्वतःची किळस आली. पण ती दारातून हलली नाही. नागुबाईला म्हणाली, "बसा, च्या टाकते," आणि मागाजवळून जोतिराम म्हणाले, "माज्यातबी टाक घोटभर." मग त्यांनी माग चालू केला, आणि पुढचं कुणाला काही ऐकू आलं नाही.